नेत्र परिसर्प

नेत्र परिसर्प : हर्पिस सिंप्लेक्स या व्हायरसामुळे डोळ्यास, विशेषतः त्याच्या स्वच्छमंडलास (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलास), होणाऱ्या आणि बरा होऊनही पुन्हा पुन्हा उद्‌भवणाऱ्या विकारास नेत्र परिसर्प म्हणतात. या व्हायरसाच्या दोन प्रकारांपैकी प्रकार-१ हा बहुतेक रुग्णांत कारणीभूत असतो. प्रकार-२ मुख्यतः जननेंद्रियांवर आढळतो. नवजात अर्भकाच्या डोळ्यांस प्रसूतीच्या वेळी त्याचा संसर्ग होऊ शकतो. मराठीत ज्याला ‘नागीण’ म्हणतात तो विकार याहून वेगळा असून तो कांजिण्यांच्या व्हायरसामुळे होतो. नागीण कपाळावर उठून डोळ्यात उतरते तेव्हा दोहोंत गल्लत होण्याचा संभव असतो. तथापि दोन्ही व्हायरस एकाच कुलातील असून दोन्ही तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) आश्रयाने शरीरात टिकून राहतात.

स्वच्छमंडलाच्या इतर संसर्गजन्य विकारांत जंतू बाहेरून येतो, ऊतकांचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांचा) नाश करतो आणि औषधाने वा शरीराच्या प्रतिकाराने नष्ट झाला की रोग संपतो. नेत्र परिसर्पात तसे होत नाही. डोळ्यातील व्रण भरून येतो, डोळा पांढरा होतो, दृष्टीही पूर्ववत होते; परंतु व्हायरस डोळ्यापासून काही सेंमी. मागे, कवटीच्या तळाशी असलेल्या एका तंत्रिका-गुच्छिकेत (तंत्रिका कोशिकांच्या पुंजक्यात) आयुष्यभर राहतो. या विकाराची लक्षणे, त्याच्यावरील औषधांचे यश व त्यांची मर्यादा ही सर्व या एका गोष्टीवरून उलगडतात.

व्हायरसाची रचना व पहिला संसर्ग : हर्पिस सिंप्लेक्स व्हायरसाच्या कणात मध्यभागी द्विसूत्री डीएनए असून त्यात सु. १,५२,००० क्षारक-जोड्या असतात. त्याभोवती १६२ घटकांचे वीस पृष्ठांचे प्रथिनकवच, त्याबाहेर प्रथिनांचा एक अस्फटिकी थर आणि सर्वांत बाहेर मेदयुक्त वेष्टन असते. वेष्टनावरील ग्लायकोप्रथिनांच्या साहाय्याने कण कोशिकेस चिकटतो. कोशिकेच्या पृष्ठभागावरील हेपारान सल्फेट हे प्रथम पकडीचे स्थान होय. त्यानंतर ‘जीडी’ हे ग्लायकोप्रथिन नेक्टिन-१ यासारख्या ग्राहीशी जोडले जाऊन व्हायरसाचा प्रवेश होतो. हेपारान सल्फेटाचा एक विशिष्ट रीतीने बदललेला प्रकारही अशा ग्राहीचे काम करतो, असे दीपक शुक्ला, पट्रिशिया स्पिअर व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये दाखविले.

पहिला संसर्ग बहुधा बालपणी, वडीलधाऱ्यांच्या लाळेवाटे, तोंडात किंवा ओठांवर होतो. पुष्कळदा तो कोणाच्या लक्षातही येत नाही. काही मुलांत ताप, हिरड्यांची सूज व तोंडातील फोड ही लक्षणे दिसतात. क्वचित पापणीवर पुळ्या येतात आणि नेत्रश्लेष्म्याचा (पापण्यांच्या आतील व डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाचा) शोथ म्हणजे दाहयुक्त सूज होते. हा शोथ साध्या ‘डोळे येण्या’सारखाच दिसतो. संसर्ग किती सार्वत्रिक आहे याची कल्पना जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजावरून येते : २०१६ मध्ये जगातील ५० वर्षांखालील सु. ३७० कोटी व्यक्तींच्या शरीरात प्रकार-१ चा व्हायरस होता. यांपैकी फारच थोड्यांना डोळ्याचा विकार होतो. तो नेमका कोणास होणार हे आधी सांगता येत नाही.

तोंडातील संसर्ग डोळ्यात कसा पोहोचतो, हा प्रश्न स्वाभाविक आहे. लाळ लागलेल्या बोटाने डोळा चोळल्यास तो थेट पोहोचू शकतो. परंतु असा थेट संपर्क न होताही तो डोळ्यात येतो, आणि त्याचा मार्ग तंत्रिकांतून जातो. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी त्रिमूल तंत्रिका (पाचवी मस्तिष्क तंत्रिका) तीन शाखांची असते. पहिली शाखा डोळा व कपाळ, दुसरी गाल व वरचा ओठ आणि तिसरी खालचा ओठ व हनुवटी यांकडे जाते. तिन्ही शाखांच्या संवेदी कोशिका एकाच गुच्छिकेत, कानामागील शंखास्थीच्या टोकाजवळच्या एका खळग्यात, शेजारीशेजारी असतात. ओठातून वर चढलेला व्हायरस गुच्छिकेत पोहोचल्यावर तेथे अल्पकाळ वाढतो व शेजारच्या नेत्रशाखेच्या कोशिकांतही शिरतो. पुढे कधी तो जागृत झाला, तर त्या शाखेवाटे डोळ्यात उतरतो. म्हणून ज्याच्या डोळ्यास पूर्वी कधीही संसर्ग झालेला नाही अशा व्यक्तीस दिसणारा पहिला शाखाकृती व्रण हा वस्तुतः जुन्या संसर्गाचा पुनःप्रादुर्भाव असू शकतो.

सुप्तावस्था : स्वच्छमंडल हे शरीरातील सर्वाधिक संवेदी तंत्रिकातंतू असलेल्या ऊतकांपैकी एक आहे. त्याच्या अधिस्तरात (सर्वांत बाहेरच्या कोशिकांच्या थरात) व्हायरस वाढू लागताच तो जवळच्या तंत्रिकाग्रांत शिरतो. तेथे त्याचे बाह्य वेष्टन गळून पडते आणि प्रथिनकवच तंत्रिकेच्या अक्षतंतूतील सूक्ष्मनलिकांवरून, डायनीन नावाच्या वाहक प्रथिनाच्या साहाय्याने, गुच्छिकेतील कोशिका-केंद्रकापर्यंत ओढले जाते. व्हायरस स्वतः चालत नाही. कोशिकेची नित्याची मालवाहतूकच तो वापरतो.

केंद्रकाशी पोहोचल्यावर दोन मार्ग संभवतात. अधिस्तराच्या कोशिकेत व्हायरसाची जीने ठराविक क्रमाने कार्यान्वित होतात, हजारो नवे कण तयार होतात व कोशिका मरते. तंत्रिका कोशिकेत मात्र बहुधा हा क्रम सुरूच होत नाही. तो सुरू करणारे ‘व्हीपी-१६’ हे प्रथिन व्हायरसाच्या कवचाबाहेरील थरात असते व लांबच्या प्रवासात ते मागे राहते; त्याला साहाय्य करणारे कोशिकेचे एक प्रथिनही तंत्रिका कोशिकेच्या केंद्रकात सहसा नसते. डीएनएची दोन टोके जुळून त्याचे वर्तुळ बनते. कोशिकेच्या गुणसूत्रांत ते मिसळत नाही, स्वतंत्रच राहते. पण कोशिका स्वतःच्या निष्क्रिय जीनांना ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळून ठेवते, त्याच प्रथिनांभोवती हे वर्तुळही गुंडाळले जाते. तंत्रिका कोशिकांचे विभाजन होत नसल्यामुळे ते वाटलेही जात नाही व झिजतही नाही. ज्या कोशिका मनुष्याबरोबर आयुष्यभर राहतात त्यांतच ते राहते.

या काळात व्हायरसाचा एकच जीनभाग ठळकपणे कार्यरत असतो. त्यापासून बनणाऱ्या आरएनए रेणूंस सुप्तावस्था-संबंधित प्रतिलेख म्हणतात. १९८७ मध्ये जॅक स्टीव्हन्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम वर्णन केले. हा आरएनए महत्त्वाच्या एका सक्रियक जीनाच्या विरुद्ध सूत्रावर लिहिला जातो. त्यापासून कोणते प्रथिन बनते याचा निर्विवाद पुरावा नाही. मात्र तो आश्रयदात्या कोशिकेस मरू देत नाही आणि त्यातून निघणारे अतिसूक्ष्म आरएनए तुकडे सक्रियक जीनांस दाबून ठेवतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. प्रथिने बनत नसल्यामुळे रक्तातील प्रतिपिंडांना ओळखण्यासारखे असे त्या कोशिकेच्या पृष्ठभागावर काहीच नसते. हे व्हायरसाचे लपणे आहे, पण ते पूर्णपणे निर्धोक नसते. प्राण्यांच्या व मानवी गुच्छिकांतही बाधित कोशिकांभोवती टी-लसीका कोशिका वर्षानुवर्षे ठाण मांडून असतात. व्हायरसाने किंचितही हालचाल केली, तर त्या इंटरफेरॉन स्रवून किंवा व्हायरसाचे प्रथिन तोडणारी एंझाइमे सोडून ती दाबतात, आणि बहुतेक वेळा तंत्रिका कोशिकेस न मारता. म्हणून सुप्तावस्था ही निद्रा नसून सतत चाललेला समतोल आहे, असे आता मानले जाते.

व्हायरस गुच्छिकेत लपतो ही कल्पना प्रयोगाने सिद्ध होण्याच्या पुष्कळ आधीची आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हार्व्ही कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी चेहऱ्याच्या असह्य वेदनांसाठी त्रिमूल तंत्रिकेवर शस्त्रक्रिया केल्या. त्यानंतर अनेक रुग्णांच्या ओठांवर व चेहऱ्यावर परिसर्पाच्या पुळ्या उठल्या. मात्र ज्या शाखा पूर्णपणे छेदल्या गेल्या होत्या त्यांच्या क्षेत्रात त्या उठल्या नाहीत. विल्हेल्म ग्रूटर यांनी रुग्णाच्या स्वच्छमंडलावरील स्राव सशाच्या डोळ्यात घालून रोग संक्रामक असल्याचे दाखविले (प्रसिद्धी १९२०). अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९२० नंतरच्या दशकात व्हायरस तंत्रिकांतून प्रवास करतो आणि गुच्छिकेत सुप्त राहतो, असे मत मांडले.

निर्णायक पुरावा १९७१ मध्ये स्टीव्हन्झ व मार्जरी कुक यांनी दिला. त्यांची रीत साधी होती. संसर्गातून पूर्ण बऱ्या झालेल्या उंदरांच्या मेरुरज्जूजवळील गुच्छिका काढून त्या लगेच वाटल्या, तर त्यांत एकही संक्रामक कण सापडत नसे. त्याच गुच्छिका अखंड ठेवून प्रयोगशाळेत काही दिवस जतन केल्या की व्हायरस बाहेर पडू लागे. म्हणजे तो तेथे होता, पण कणरूपाने नव्हता. १९७२ मध्ये सशांच्या त्रिमूल गुच्छिकेत आणि १९७२-७३ मध्ये, मृत्यूनंतर काढलेल्या मानवी गुच्छिकांत, हेच दिसून आले. ज्यांच्या गुच्छिकांतून व्हायरस निघाला त्यांत परिसर्पाचा कोणताही ज्ञात इतिहास नसलेल्या व्यक्तीही होत्या. स्वच्छमंडलातही व्हायरस खऱ्या अर्थाने सुप्त राहतो काय, याविषयी मात्र मतभेद आहेत. तेथे त्याचा डीएनए सापडतो, पण तो मंद गतीने चालू असलेल्या संसर्गाचाही असू शकेल.

पुनःसक्रियण : समतोल बिघडला की व्हायरस जागृत होतो. ताप येऊन गेल्यावर ओठावर पुळ्या उठल्या की ‘अंगातला ताप बाहेर पडला’ अशी समजूत आढळते. तीत कार्यकारणाचा क्रम उलटा असला, तरी निरीक्षण खरे आहे. ताप, तीव्र ऊन, डोळ्यास इजा, डोळ्यावरील शस्त्रक्रिया वा लेसर उपचार, रोगप्रतिकारक्षमता दाबणारी औषधे आणि कॉर्टिकोस्टेरॉइडे ही उद्दीपक कारणे म्हणून सांगितली जातात. प्रयोगशाळेत सशांच्या डोळ्यावर विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने एपिनेफ्रीन दिल्यास किंवा उंदरांच्या डोळ्यावर जंबुपार किरण पाडल्यास अश्रूंमध्ये व्हायरस आढळू लागतो. तंत्रिका कोशिकांच्या संवर्धनातून तंत्रिका-वृद्धिकारक हे पोषक प्रथिन काढून घेतल्यास तसेच घडते. कोशिकेस ताण जाणवला की तिच्यातील काही संदेशवाहक एंझाइमे उद्दीपित होतात. त्यांमुळे व्हायरसाच्या डीएनएभोवतालच्या हिस्टोनांवर एक रासायनिक खूण चढते व घट्ट गुंडाळी सैल पडते. प्रथम अनेक जीने एकदमच, क्रम न पाळता, थोडी थोडी कार्यान्वित होतात. परिस्थिती अनुकूल राहिली तरच पुढे डीएनएची प्रतिकृती होऊन नवे कण बनतात. हे कण मग अक्षतंतूतून उलट दिशेने, कायनेसीन प्रथिनांच्या साहाय्याने, स्वच्छमंडलात उतरतात.

रुग्ण स्वतः सांगतो ती कारणे कितपत विश्वसनीय असतात, याची तपासणी अमेरिकेतील ‘हर्पेटिक आय डिसीझ स्टडी’ या बहुकेंद्री अभ्यासात झाली. रुग्णांना दर आठवड्यास ताण, ऊन, आजारपण, मासिक पाळी इत्यादींची नोंद ठेवण्यास सांगण्यात आले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यांपैकी एकाही गोष्टीचा पुनःप्रादुर्भावाशी संबंध दिसला नाही. उलट डोळा लाल झाल्यानंतर मागाहून भरलेल्या नोंदवह्यांत ताण अधिक नोंदविलेला आढळला. म्हणजे दोष द्यावयाचा म्हणून माणूस कारण आठवतो. प्राण्यांवरील प्रयोगांत ही कारणे खरी ठरतात, पण रोजच्या आयुष्यातील ऊन व काळजी यांना रुग्णाच्या डोळ्याबाबत जबाबदार धरण्यास आधार अल्प आहे. रुग्णास ‘चिंता करू नका’ असे सांगून त्याच्यावरच रोगाचा भार टाकणे म्हणूनच अयोग्य ठरते.

व्हायरस उतरला म्हणजे रोग होतोच असे नाही. निरोगी व्यक्तींच्या अश्रूंत व लाळेतही तो अधूनमधून सापडतो. स्वच्छमंडलातील प्रतिकार त्याला बहुधा जागीच थोपवितो. अमेरिकेतील रॉचेस्टर (मिनेसोटा) येथील रहिवाशांच्या दीर्घ पाहणीत, एकदा विकार झालेल्यांपैकी सु. १० टक्क्यांस एका वर्षात, २३ टक्क्यांस दोन वर्षांत आणि ६३ टक्क्यांस वीस वर्षांत पुन्हा विकार झाला.

स्वच्छमंडलातील विकृती : अधिस्तरात उतरलेला व्हायरस कोशिकेमागून कोशिका फोडत जातो. त्यामुळे झाडाच्या फांद्यांसारखा, टोकांस गोल फुगवटे असलेला शाखाकृती व्रण बनतो. डोळा लाल होणे, पाणी येणे, प्रकाश सहन न होणे व खुपणे ही लक्षणे असतात. परंतु व्रणाच्या मानाने वेदना कमी असते. याचे कारण असे की, प्रत्येक हल्ल्यात स्वच्छमंडलातील तंत्रिकातंतूंचा काही अंश नष्ट होतो व संवेदना बोथट होते. वेदना कमी म्हणून रुग्ण उशिरा येतो. हाच या रोगातील एक मोठा धोका होय. हल्ले अनेक झाल्यावर संवेदनाहीन स्वच्छमंडल पोषणाअभावी आपोआपही व्रणयुक्त होते आणि त्या व्रणात व्हायरस मुळीच नसतो.

अधिस्तराचा व्रण बहुधा खूण न ठेवता भरतो. दृष्टी जाते ती खोलवरच्या विकारामुळे. स्वच्छमंडलाच्या जाड मध्यस्तरात व्हायरसाची प्रथिने उरतात व त्यांविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा उठते. लसीका कोशिका व श्वेतकोशिका तेथे गोळा होतात, एरवी रक्तवाहिन्या नसलेल्या या ऊतकात नव्या वाहिन्या शिरतात आणि पारदर्शक तंतूंची शिस्तबद्ध मांडणी मोडून पांढरा वण पडतो. यालाच ग्रामीण भाषेत ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात. येथे नाश करणारा मुख्यतः व्हायरस नसून त्याच्यावर चालून आलेला प्रतिकारच असतो. एका हल्ल्याने फूल लहान पडते, पण ज्यांच्या मध्यस्तरास एकदा शोथ झाला आहे त्यांस तो पुन्हा होण्याचा संभव कितीतरी अधिक असतो व प्रत्येक वण आधीच्या वणात भर घालतो. कनीनिका (डोळ्यातील रंगीत पडदा) व जालपटल (नेत्रगोलाच्या आतील प्रकाशसंवेदी पटल) यांचेही शोथ होतात. कनीनिकेच्या शोथात नेत्रगोलातील दाब एकदम वाढू शकतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या काळ्या भागाच्या चार रोगांत ‘सव्रण शुक्र’ व ‘अव्रण शुक्र’ यांचे वर्णन आहे. त्यांत स्वच्छमंडलाचे सर्व प्रकारचे व्रण व फुले येतात. त्यांपैकी कोणते या व्हायरसाचे, हे आज ठरविता येणार नाही.

निदान : स्लिट-लँप या उपकरणाखाली, फ्ल्युओरेसीन या रंजकद्रव्याचा थेंब घातल्यावर शाखाकृती व्रण हिरवा चमकतो व अनुभवी वैद्यास पुढील परीक्षेची गरज सहसा राहत नाही. औषध घालण्यापूर्वी कापसाच्या बारीक वातीने दोन्ही स्वच्छमंडलांची संवेदना ताडून पाहणे ही सोपी परीक्षा कोणत्याही दवाखान्यात करता येते व ती अतिशय उपयुक्त असते. संदेह असल्यास खरवडीतील व्हायरसाचा डीएनए पॉलिमरेज शृंखला विक्रियेने ओळखतात. रक्तातील प्रतिपिंडांच्या परीक्षेचा उपयोग नाही, कारण ते बहुतेक प्रौढांत असतातच.

खरी अडचण तज्ञापर्यंत पोहोचण्याआधीच्या काळात असते. तापी खोऱ्यातील शिंदखेडा, दोंडाईचा यांसारख्या कापूस, ज्वारी, बाजरी व मिरची यांच्या प्रदेशात डोळ्यात कुसळ, पाला वा धूळ जाणे हे नित्याचेच असते. लाल डोळ्याचे कारण शेतातील इजा असे गृहीत धरले जाते आणि पुष्कळदा ते खरेही असते. वनस्पतीच्या इजेनंतर होणारा कवकजन्य (बुरशीमुळे होणारा) व्रण हा या हवामानातील गंभीर विकार आहे. परंतु कवकजन्य व्रण असो वा परिसर्प असो, दुकानातून आणलेला ‘लाली घालविणारा’ थेंब दोन्हींना घातक ठरू शकतो, कारण अशा पुष्कळ थेंबांत जंतुनाशकाबरोबर कॉर्टिकोस्टेरॉइड असते. त्याने दोन-तीन दिवसांत लाली खरोखरच उतरते, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. मात्र अधिस्तरातील व्हायरसावरील प्रतिकार दबल्यामुळे शाखाकृती व्रण पसरून नकाशासारखा रुंद होतो. एकाच डोळ्याची लाली, खुपण्याच्या मानाने अंधूक दिसणे आणि पूर्वी तोच डोळा असाच आल्याचा इतिहास, या तीन गोष्टी एकत्र आल्यास रुग्णास विनाविलंब नेत्रतज्ञाकडे पाठवावे. धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयासारख्या ठिकाणी स्लिट-लँपखालील तपासणी होऊ शकते.

चिकित्सा : या रोगावरील पहिले परिणामकारक औषध आयडॉक्सयुरिडीन हे होते. विल्यम प्रुसॉफ यांनी ते १९५९ मध्ये तयार केले व हर्बर्ट कॉफमन यांनी १९६२ मध्ये ते स्वच्छमंडलाच्या परिसर्पावर यशस्वी रीत्या वापरले. व्हायरसजन्य रोगावर औषध असूच शकत नाही, ही तोपर्यंतची समजूत या डोळ्याच्या विकाराने खोटी ठरविली. आयडॉक्सयुरिडीन निरोगी कोशिकांनाही अपायकारक असते. नंतर आलेले ॲसिक्लोव्हिर मात्र निवडक आहे. व्हायरसाचे थायमिडीन कायनेज हे एंझाइम त्याला सक्रिय रूप देते व ते रूप डीएनएची वाढ थांबविते. ज्या कोशिकेत हे एंझाइम नाही तीत औषध जवळजवळ निष्क्रियच राहते. हे औषध विकसित करणाऱ्या गटातील गर्ट्रूड एलिअन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक (जॉर्ज हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत) मिळाले. ते औषधनिर्मितीच्या मूलतत्त्वांच्या शोधांबद्दल होते.

ॲसिक्लोव्हिराचा गुण हीच त्याची मर्यादाही आहे. सुप्त व्हायरस थायमिडीन कायनेज बनवीत नाही, त्यामुळे औषधास पकडच मिळत नाही. डोळ्यातील चालू संसर्ग त्याने थांबतो, गुच्छिकेतील साठा तसाच राहतो. अधिस्तराच्या व्रणास ॲसिक्लोव्हिराचे ३ टक्के मलम दिवसातून पाच वेळा किंवा गॅन्सिक्लोव्हिराचे ०.१५ टक्के जेल लावतात, अथवा गोळ्या देतात. मध्यस्तराच्या शोथात मात्र वर निषिद्ध ठरलेले कॉर्टिकोस्टेरॉइडच, व्हायरसरोधक औषधाच्या आवरणाखाली व तज्ञाच्या देखरेखीत, द्यावे लागते. पूर्वोक्त अभ्यासाच्या १९९४ मधील निष्कर्षानुसार त्यामुळे शोथ चिघळण्याचे वा टिकून राहण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांनी घटले. तेच औषध एका थरात विष व दुसऱ्यात उपाय ठरते. म्हणून ते दुकानदाराच्या सल्ल्याने घेण्याचे औषध नव्हे.

पुनःप्रादुर्भाव रोखण्यासाठी ॲसिक्लोव्हिराच्या ४०० मिग्रॅ.च्या गोळ्या दिवसातून दोन वेळा वर्षभर देण्याची चाचणी ७०३ रुग्णांवर झाली (१९९८). गोळ्या घेणाऱ्यांपैकी १९ टक्के व निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के रुग्णांत विकार उलटला. पूर्वी मध्यस्तराचा शोथ झालेल्यांत तो शोथ उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे १४ व २८ टक्के होते. गोळ्या थांबविल्यावर हे संरक्षण उरले नाही. ज्याला एकदाच लहान व्रण होऊन गेला त्याला वर्षानुवर्षे गोळ्या देण्याची गरज नसते. मध्यस्तराचे वारंवार हल्ले, दृष्टी असलेला एकच डोळा किंवा स्वच्छमंडलाचे रोपण ही दीर्घकालीन प्रतिबंधक औषधाची खरी कारणे होत.

फूल मोठे असल्यास मृत व्यक्तीने दान केलेले स्वच्छमंडल बसविता येते. परंतु बसविलेले स्वच्छमंडल नवे असले, तरी त्यात पुढे वाढणारे तंत्रिकातंतू जुन्याच गुच्छिकेतून येतात. शस्त्रक्रियेची इजा, टाके व नाकार टाळण्यासाठी दिलेले कॉर्टिकोस्टेरॉइड यांमुळे पुनःसक्रियणास अनुकूल परिस्थिती निर्माण होते. म्हणून डोळा काही महिने शांत असतानाच शस्त्रक्रिया करतात व त्यानंतर व्हायरसरोधक गोळ्या दीर्घकाळ देतात. संवेदनाहीन स्वच्छमंडलाच्या व्रणासाठी तंत्रिका-वृद्धिकारकाचेच थेंब उपलब्ध झाले असून त्यांस यूरोपात २०१७ मध्ये व अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्यांची किंमत मात्र सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरची आहे.

आधुनिक संशोधन : या विषयातील अलीकडील कार्यात खानदेशातील संशोधकांचाही वाटा आहे. सेराशिया मार्सेसेन्स हा सूक्ष्मजंतू प्रोडिजिओसीन नावाचे गडद लाल रंगद्रव्य बनवितो. ओलसर भाकरीवर वा पावावर रक्तासारखे लाल डाग उमटण्याच्या जुन्या ‘चमत्कारां’मागे तोच असावा, असे मानतात. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (आता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, स्थापना १९९०) राहुल सूर्यवंशी, चंद्रशेखर पाटील, सतीश पाटील इत्यादींनी डासांच्या अळ्यांचा नाश करण्याच्या दृष्टीने या द्रव्याचा अभ्यास केला. पुढे याच संशोधकांनी शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठातील दीपक शुक्ला यांच्या गटासमवेत ते हर्पिस सिंप्लेक्स व्हायरसावर वापरून पाहिले. २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्रोडिजिओसीन थेट व्हायरसावर नव्हे, तर बाधित कोशिकेस जिवंत ठेवणाऱ्या व व्हायरसास उपयोगी पडणाऱ्या संदेशमार्गांवर आघात करते, असे दाखविले आहे. व्हायरसाच्या एंझाइमाऐवजी कोशिकेच्या बाजूने औषध शोधण्याचा हा मार्ग, ॲसिक्लोव्हिरास न जुमानणाऱ्या व्हायरसांच्या दृष्टीने, महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेतील हे निष्कर्ष रुग्णाच्या औषधापर्यंत पोहोचलेले नाहीत.

याच गटाने २०२१ मध्ये ऑप्टिन्यूरिन या कोशिकेतील प्रथिनाविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे प्रथिन व्हायरसाच्या घटकांस कोशिकेच्या विल्हेवाट-यंत्रणेकडे लोटते. त्याचे जीन काढून टाकलेल्या उंदरांच्या डोळ्यांस संसर्ग दिला असता व्हायरस मेंदूपर्यंत अधिक प्रमाणात पोहोचला व मृत्यू वाढले. बहुसंख्य माणसांत व्हायरस गुच्छिकेतच का थांबतो आणि थोड्यांतच तो घात का करतो, या जुन्या प्रश्नाचा एक धागा येथे मिळतो. (या प्रथिनाच्या जीनातील दोष एका प्रकारच्या काचबिंदूत आढळतात, हेही लक्षणीय आहे.)

व्हायरसाविरुद्ध लस तयार करण्याचे अनेक प्रयत्न झाले, पण मान्यताप्राप्त लस उपलब्ध झालेली नाही. सुप्त साठाच नष्ट करण्याचा प्रयत्न डीएनए विशिष्ट जागी छेदणाऱ्या एंझाइमांच्या साहाय्याने होत आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे कीथ जेरोम व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये उंदरांच्या मानेतील एका गुच्छिकेतील सुप्त व्हायरस-डीएनए नव्वद टक्क्यांहून अधिक घटविल्याचे सांगितले. चीनमध्ये, मध्यस्तराच्या तीव्र शोथाने आजारी असलेल्या तीन रुग्णांच्या स्वच्छमंडलात अशाच छेदक यंत्रणेचा थेट वापर केल्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी त्रिमूल गुच्छिकेतील, एकेका बाधित कोशिकेपर्यंत असे एंझाइम पोहोचविणे आणि तेथील निरोगी जीनांस धक्का न लावणे हे काम अद्याप व्हावयाचे आहे.